रॉकेटं तयार होती, मग अपोलो १८, १९, २० गेल्या का नाहीत?

ह्यूस्टनवासी

नमस्कार मंडळी,

सध्या सासू-सासरे साताऱ्याहून आमच्याकडे आले आहेत. पाहुणे आले की त्यांना जॉन्सन स्पेस सेंटर दाखवणं हा इथल्या मराठी घरांचा कुळाचारच आहे. त्याप्रमाणे ट्राममध्ये बसून रॉकेट पार्कला गेलो. तिथे एका लांबच लांब शेडमध्ये अपोलोच्या माणसांना चंद्राकडे नेणारं रॉकेट, सॅटर्न ५, आडवं ठेवलंय. ११० मीटर! सासरे आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. सगळे लोक निमुळत्या टोकाशी फोटो काढत होते, आणि हे मागच्या पाच इंजिनांपाशी ठाण मांडून बसले. पाइपांचे जोड बघितले, वेल्डिंग बघितलं आणि मला विचारलं, "हे मॉडेल आहे का खरं?"

मी पाटी वाचून सांगितलं, खरं आहे. तिन्ही टप्पे उडवायलाच बनवले होते.

"मग गाडी तयार, ड्रायव्हर तयार. फेरी रद्द कोणी केली?"

मी म्हटलं, पैसे संपले. त्यावर ते म्हणाले, "पैसे गाडी बांधण्यात गेले. राहिलं काय, डिझेल?"

तिथून निघाल्यापासून माझी पंचाईत झाली आहे. शोधलं तर कुणी अपोलो १३ चा अपघात सांगतं, कुणी व्हिएतनाम, कुणी राष्ट्राध्यक्ष निक्सन, कुणी म्हणतं टीव्हीवर लोक बघेनासे झाले. यातलं मूळ कारण कोणतं? आणि अजून एक गणित जमत नाही. मोहिमा तीन रद्द झाल्या, पण रॉकेटं दोनच उरली असं सगळीकडे लिहिलंय. तिसरं कुठे गेलं?

(माणूस चंद्रावर गेलाच नव्हता असं मानणाऱ्यांनी कृपया वेगळा धागा काढावा. सासऱ्यांनी वेल्डिंग तपासलं आहे.)

रानवारा

सोपं आहे. रशियाला हरवायचं होतं, हरवलं. शर्यत संपल्यावर कोण धावतं? त्यात एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ ची ऑक्सिजनची टाकी फुटली, तिघे मरता मरता वाचले. सगळे घाबरले आणि दुकान बंद केलं. बाकी सगळी कारणं नंतर चिकटवलेली.

जिग-फिक्स्चर

प्रश्न वर्कशॉपवाल्याचा आहे, तेव्हा उत्तरही वर्कशॉपमधूनच देतो. मी विमानांच्या कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला होतो, आता निवृत्त. खगोलशास्त्र मला शाळेपुरतंच येतं. पण एखादी लाइन कशी बंद होते ते जवळून बघितलंय.

रानवारा, तुमच्या उत्तरात तारखांचा घोळ होतो. अपोलो २० रद्द झाल्याचं नासाने ४ जानेवारी १९७० रोजी जाहीर केलं. अपोलो १३ एप्रिलमध्ये निघालं. म्हणजे टाकी फुटायच्या तीन महिने आधीच पहिली फेरी रद्द झालेली होती. अपघाताने उरलेल्यांना धक्का दिला हे खरं, पण सुरुवात त्याने केली नाही.

माझ्या मते मोहीम रद्द झाल्याची पुस्तकात छापतात ती तारीख वेगळी आणि ती खरी मेली ती तारीख वेगळी. अपोलोसाठी खरी तारीख आहे ऑगस्ट १९६८. तेव्हाचे नासाप्रमुख जेम्स वेब यांनी ठरवलं की सॅटर्न ५ ची बांधणी पंधरावर थांबवायची. पंधरावं, म्हणजे एसए-५१५ क्रमांकाचं, शेवटचं, सोळाव्याची ऑर्डर नाही. जरा ती तारीख परत बघा. आर्मस्ट्राँग उतरायला अजून जवळजवळ वर्ष होतं. सॅटर्न ५ तोवर दोनदाच उडालं होतं, नोव्हेंबर १९६७ आणि एप्रिल १९६८, दोन्ही वेळा माणसांविना. दुसऱ्या वेळी तर मध्येच दोन इंजिनं बंद पडली, तरी ते कसंबसं कक्षेत पोचलं. म्हणजे या रॉकेटवर एकही माणूस बसलेला नसताना कारखान्याला निरोप गेला होता, की पंधरानंतर आवरा.

का? तर पैसा आटत होता, पण १९७० मध्ये नव्हे, त्याच्या कितीतरी आधी. नासाचा वाटा अमेरिकेच्या केंद्रीय खर्चात सर्वांत जास्त होता १९६६ मध्ये, सुमारे ४.४ टक्के. त्यानंतर तो घसरतच गेला. व्हिएतनामचा खर्च वाढत होता, शहरांत दंगली पेटत होत्या, राष्ट्राध्यक्ष जॉन्सनना घरच्या योजनांसाठी पैसा हवा होता. संसदेत अशा वेळी काय कापतात? चालू मोहीम कापली तर बोंब होते. म्हणून पुढची ऑर्डर कापतात. पुढची ऑर्डर कापल्याचा आवाज कुणाला येत नाही, फक्त आमच्यासारख्या प्लॅनिंगवाल्यांना येतो.

आता रॉकेटची लाइन म्हणजे काय ते सांगतो. पहिला टप्पा बोइंग न्यू ऑर्लिन्सजवळ मिशूदला बांधायची. दुसरा टप्पा नॉर्थ अमेरिकन कॅलिफोर्नियात सील बीचला. तो जहाजात घालून पनामा कालव्यातून फ्लोरिडाला न्यायचा. तिसरा डग्लसचा, हंटिंग्टन बीचचा. तो खास फुगवट्याच्या विमानातून यायचा. त्यावरचं रॉकेट चालवणाऱ्या उपकरणांचं, म्हणजे मेंदूचं, कडं आयबीएमचं, हंट्सव्हिलचं. या चौघांच्या मागे हजारो छोटे व्हेंडर. इंजिनांचे ओतीव भाग, टाक्यांचे पत्रे, व्हॉल्व्ह, सगळे लाँग लीड आयटम, वर्ष-दोन वर्षं आधी ऑर्डर द्यावी लागणारे. ऑर्डर थांबली की व्हेंडर दुसरं काम धरतो. वेल्डर सोडून जातो. जिग (भाग पकडून ठेवायचे साचे) उचलून कोपऱ्यात टाकतात, जागा दुसऱ्या जॉबला जाते. आमच्याकडे (कारखान्याचं नाव सांगत नाही) एका भागाची ऑर्डर संपली आणि काही वर्षांनी वरून फर्मान आलं, आणखी दोन नग द्या. ड्रॉइंग सगळी जागेवर होती. पण तो भाग बनवताना ड्रॉइंगमध्ये नसलेलं जे काय करावं लागायचं, ते करणारा फिटर निवृत्त होऊन गावी शेती करत होता. त्याला बोलवायला माणूस पाठवला तर तो म्हणाला, भाताची लावणी झाल्यावर येतो.

असो. तुमच्या तिसऱ्या रॉकेटचं गणित. एकूण पंधरा. दोन माणसांविना उडाली. अपोलो ८ ते १७ या दहा मोहिमा, म्हणजे झाली बारा. (अपोलो ७ छोट्या सॅटर्न १बी वर गेलं, ते यात धरू नका.) तेरावं, एसए-५१३, मे १९७३ मध्ये स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक घेऊन गेलं. उरली दोन. गोम या स्कायलॅबमध्ये आहे. आधी बेत असा होता की छोट्या रॉकेटचा टप्पा वर नेऊन रिकामा करायचा आणि अंतराळातच त्याचं राहतं घर करायचं. जुलै १९६९ मध्ये तो बदलला. घर जमिनीवरच सगळं सजवून वर न्यायचं ठरलं, आणि एवढं वजन उचलायला सॅटर्न ५ लागणार. नवीन मागवता येत नव्हतं, कारण लाइन बंद. मग कुणाचं तरी काढून घ्या. अपोलो २० चा नंबर लागला तो असा.

आणि आता तुमच्या सासऱ्यांसाठी खास. ते ज्याच्यापाशी बसले ते एक रॉकेट नाही. ह्यूस्टनचा पहिला टप्पा एसए-५१४ चा, दुसरा ५१५ चा आणि तिसरा ५१३ चा. ५१३ चा तिसरा टप्पा उरला कारण त्याच्या जागी स्कायलॅबच बसवली होती. तीन वेगवेगळ्या फेऱ्यांचा उरलेला माल एका रांगेत मांडलाय.

डिझेलच्या प्रश्नाबद्दल: ते अगदी मर्मावर बोट आहे. २ सप्टेंबर १९७० रोजी नासाचे तेव्हाचे प्रमुख थॉमस पेन यांनी आणखी दोन मोहिमा रद्द केल्या. त्यातून त्या वर्षी वाचणार होते सुमारे ४ कोटी २० लाख डॉलर. अख्ख्या अपोलोचा खर्च सुमारे २,५०० कोटी डॉलर. म्हणजे हजारात दोनसुद्धा नाहीत! रॉकेटं, याने यांचे पैसे बव्हंशी गेलेलेच होते. इंधनाचा खर्च तर नगण्य. जो खर्च होता तो माणसं बसवून ठेवण्याचा. ऐन भरात या कामावर चार लाख माणसं होती. ती कमी झाली तरी लाँच पॅड, ट्रॅकिंगची जहाजं, ह्यूस्टनचा कंट्रोल रूम, कंत्राटदारांची पथकं हे सगळं शेवटची मोहीम होईपर्यंत पगारावर ठेवावं लागतं. मोहिमा दोन कमी केल्या की ही फौज वर्षभर आधी मोकळी करता येते. पेनना शटल (पुन्हा पुन्हा वापरता येणारं यान) आणि अंतराळस्थानकासाठी पैसा वाचवून ठेवायचा होता. जाहीर केल्यावर पंधरवड्यात ते स्वतःच राजीनामा देऊन बाहेर पडले.

एक बारकावा, कारण इथे पुष्कळ जण गोंधळतात. सप्टेंबर १९७० मध्ये जी दोन कापली ती कागदोपत्री १५ आणि १९ नंबरची. मूळची १५ ही जुन्या पद्धतीची होती, तीत मोटारगाडी नव्हती, चंद्रावरचा मुक्काम थोडा. ती काढून टाकली आणि गाडीवाल्या मोहिमांना १५, १६, १७ असे नवे नंबर दिले. त्यामुळे आज आपण '१८ आणि १९ रद्द' म्हणतो. मूळ १५ साठी बांधलेलं चांद्रयान, एलएम-९, केनेडी स्पेस सेंटरमध्ये टांगलंय. एलएम-१३ अर्धवट राहिलं, ते न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या एका संग्रहालयात आहे. आणि चौथी मोटारगाडी सुट्या भागांसाठी मोडली.

ह्यूस्टनवासी

काका, प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. सासरे म्हणाले, "लाइन बंद झाली म्हणजे संपलं, ह्यांना कळतंय." याहून मोठं प्रमाणपत्र त्यांच्याकडून मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही मिळालेलं नाही.

पण ज्यांची जायची पाळी होती त्या माणसांचं काय झालं? त्यांना नुसतं पत्र आलं?

मुक्ता_रत्नागिरी

माणसांचं मी सांगते, मला त्यातच जास्त रस आहे.

अपोलो १८ वर डिक गॉर्डन, व्हान्स ब्रँड आणि हॅरिसन श्मिट जातील असं धरून चाललं होतं. श्मिट हे भूशास्त्रज्ञ. चंद्रावर जाणाऱ्यांत खरोखरचा दगडांचा माणूस एकच, आणि त्याचीच मोहीम रद्द. शास्त्रज्ञांनी ओरड केली. मग १९७१ मध्ये नासाने त्यांना अपोलो १७ वर घेतलं, पण त्यासाठी ज्यो एंगल यांना उतरवलं. एंगल हे एक्स-१५ हे रॉकेट-विमान उडवलेले वैमानिक, १४ च्या राखीव तुकडीत होते आणि राखीव तुकडीने तीन मोहिमांनंतर स्वतः जायचं या नेहमीच्या पद्धतीने १७ त्यांची होती. श्मिट टॉरस-लिट्रोच्या दरीत उतरले आणि नारिंगी माती शोधून आले. एंगल नोव्हेंबर १९८१ मध्ये शटलच्या दुसऱ्या उड्डाणाला गेले. चंद्र हुकला तो हुकलाच.

पण मला सगळ्यांत वाईट वाटतं ते फ्रेड हेझ यांचं. अपोलो १३ वर ते चंद्रावर उतरणार होते, तिथे टाकी फुटली. नंतर ते १६ च्या राखीव तुकडीचे प्रमुख झाले, त्या क्रमाने १९ चं नेतृत्व त्यांच्याकडे आलं असतं. ती कापली गेली. मग त्यांना शटलच्या सुरुवातीच्या एका उड्डाणावर नेमलं. काम काय, तर घसरत चाललेल्या स्कायलॅबला छोटं इंजिन जोडून वर ढकलायचं. शटलला उशीर झाला आणि स्कायलॅब ११ जुलै १९७९ ला आधीच खाली आली. हेझ त्याच वर्षी नासातून बाहेर पडले. म्हणजे एका माणसाच्या वाटेतून चंद्र दोनदा आणि स्कायलॅब एकदा गेली.

ती स्कायलॅब इथल्या जुन्या सदस्यांना आठवत असेल. आमच्या आळीत रोज नवी अफवा. आमच्या शेजारच्या काकूंनी गणपतीसाठी जपून ठेवलेले काजू मुलांना वाटून टाकले, म्हणाल्या, राहायचेच नाही तर खाऊन घ्या. पडली ती हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. काजू मात्र गेले.

डॉन लिंड म्हणून आणखी एक होते. १९६६ मध्ये निवड, आणि पहिलं उड्डाण एप्रिल १९८५ मध्ये. मधली एकोणीस वर्षं सराव, राखीव, परत सराव. आपल्याकडे एमपीएससीच्या मुलांना सांगायला हवं.

अवकाशवेडा

जिग-फिक्स्चर काका, प्रतिसाद जबरदस्त, पण ऑर्डर थांबली म्हणून मोहीम मेली हे मला पूर्ण पटत नाही. दोन गोष्टी.

पहिली. १९७१ मध्ये निक्सन अपोलो १६ आणि १७ सुद्धा रद्द करायच्या विचारात होते. रॉकेटं तयार, याने तयार, माणसं तयार. तेव्हा अंदाजपत्रक कार्यालयातले उपप्रमुख कॅस्पर वाइनबर्गर यांनी ऑगस्टमध्ये टिपण लिहिलं, की एवढंही बंद केलं तर आपले चांगले दिवस मागे पडले असा संदेश जाईल. निक्सननी त्यावर आपण कॅपशी (म्हणजे वाइनबर्गरशी) सहमत असल्याचा शेरा मारला आणि दोन्ही मोहिमा वाचल्या. मजा म्हणजे हेच वाइनबर्गर खर्च कापण्यासाठी प्रसिद्ध होते. म्हणजे एका शेऱ्यावर दोन चांद्रमोहिमा! लाइन वगैरे नंतर.

दुसरी आपल्या घरची. सप्टेंबर १९८६ मध्ये शटलच्या ६१-आय मोहिमेवर इस्रोचा माणूस जाणार होता. इन्सॅट-१सी हा आपला उपग्रह शटलमधून सोडायचा होता, त्याच्यासोबत पेलोड स्पेशलिस्ट (उपग्रहाबरोबर जाणारा तज्ज्ञ) म्हणून नागपती चिदंबर भट आणि राखीव म्हणून पी. राधाकृष्णन नायर यांची निवड झाली होती. राकेश शर्मांनंतर अडीच वर्षांत दुसरा भारतीय गेला असता. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर फुटलं आणि सगळं संपलं. इथे कोणती लाइन बंद झाली होती? उपग्रह होता, शटल होतं, माणूस होता. सरळ सरळ अपघात.

समोवार

अवकाशवेडा यांच्या बाजूने माझंही एक मत. रशियाचं बघा. त्यांचं चंद्राचं रॉकेट एन१, पहिल्या टप्प्याला तीस इंजिनं. चार वेळा उडवलं, १९६९ मध्ये दोनदा, मग १९७१, १९७२, चारही वेळा फुकट. पण चौथ्या वेळी पहिला टप्पा जवळजवळ पूर्ण जळत आला होता, १०७ व्या सेकंदाला घात झाला. पुढच्या रॉकेटांसाठी सुधारलेली एनके-३३ इंजिनं तयार होती. लाइन चालू होती, माल गोदामात होता. मे १९७४ मध्ये या कामाचे प्रमुख मिशिन यांना काढून ग्लुश्को आले आणि त्यांनी काम थांबवलं. ग्लुश्को आणि मिशिनच्या आधीचे प्रमुख कोरोलेव्ह यांचं इंधनावरून जुनं वैर होतं, एन१ हे कोरोलेव्हचं अपत्य. आता यात कारण काय धरायचं? शर्यत हरली होती, रॉकेट फुटत होतं आणि नवा साहेब जुन्याचा विरोधक. मला तर तिसरं सगळ्यांत ओळखीचं वाटतं.

एन१ च्या टाक्यांचे भाग बायकोनूरच्या अवकाशतळावर शेडची छपरं म्हणून वापरले. इंजिनं नष्ट करायचा हुकूम होता, पण ती बनवणाऱ्या समारातल्या कुझनेत्सोव्हच्या लोकांनी ती गोदामात लपवून ठेवली, आणि नव्वदच्या दशकात अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली. २०१३ मध्ये अमेरिकेचं अँटारेस रॉकेट त्यांवर उडालं. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यातलंच एक फुटलं. चाळीस वर्षांचा जुना माल होता, त्याला काय बोलायचं.

जिग-फिक्स्चर

समोवार, नव्या साहेबाबद्दल तुमच्याशी वाद नाही. नवा साहेब आला की पहिल्या आठवड्यात कोणाचा जॉब बंद होणार हे शॉपमध्ये चहावाल्यालाही माहीत असतं.

अवकाशवेडा, निक्सनच्या शेऱ्याचं बरोबर आहे. पण बघा, त्या शेऱ्याने काय ठरलं? १५ ला थांबायचं की १७ ला, एवढंच. १८ चालू करायची ताकद त्या शेऱ्यात नव्हती. लाइन बंद झाली की शेवट कुठवर लांबू शकतो ते ठरतं. त्याच्या अलीकडे कुठे थांबायचं ते साहेब लोक ठरवतात. आणि अलीकडे थांबायला कारणं कायम असतात. अपोलो १३ नंतर ह्यूस्टनचे प्रमुख रॉबर्ट गिलरुथ यांनाच काळजी वाटत होती, की प्रत्येक जादा मोहिमेगणिक माणसं गमावण्याची शक्यता वाढते आणि मिळायचं ते मिळून झालंय. आतलाच माणूस असं म्हणतो तेव्हा बाहेरच्यांना सोपं होतं.

भटांच्या मोहिमेबद्दल मात्र मी अडून बसणार. चॅलेंजरमुळे शटल थांबलं, पण कायमचं नाही. २९ सप्टेंबर १९८८ ला डिस्कव्हरी परत उडालं. मग भट त्यात का नव्हते, किंवा त्याच्या पुढच्यात? कारण ऑगस्ट १९८६ मध्ये रेगन यांनी जाहीर केलं की शटल यापुढे व्यापारी उपग्रह सोडणार नाही. ज्या देशाचा उपग्रह त्या देशाचा माणूस बरोबर, असा तो व्यवहार होता. इन्सॅट-१सी ची सोय युरोपच्या एरियान रॉकेटवर झाली आणि जुलै १९८८ मध्ये, म्हणजे शटल परत सुरू व्हायच्या दोन महिने आधी, तो दक्षिण अमेरिकेतल्या कुरूहून गेलासुद्धा. माल दुसऱ्या गाडीने गेला, मग मालाबरोबरच्या माणसाची सीट कसली? अपघाताने मोहीम पुढे ढकलली, रद्द तिला त्या धोरणाने केलं. इंडोनेशियाच्या प्रतिवी सुदार्मोनो यांचंही हेच झालं, त्यांची ६१-एच मोहीम जून १९८६ ची होती आणि पालापा उपग्रह बरोबर होता.

(इन्सॅट-१सी चं नशीबही बघा. वर गेल्यावर वीजपुरवठ्यात बिघाड होऊन त्याची अर्धी क्षमता गेली, आणि पुढच्या वर्षी तो पुरता हातचा गेला.)

अवकाशवेडा

काका, हे रेगनचं मला या अंगाने सुचलं नव्हतं. तुमच्या लाइनच्या सिद्धान्ताला मग मीच एक उदाहरण देतो, कारण ते मला फार आवडतं.

अमेरिकन हवाई दलाची मोल नावाची योजना होती. कक्षेत दोन माणसांचं ठाणं, वरून सोव्हिएत रशियाचे फोटो काढायचे. कॅलिफोर्नियात व्हँडेनबर्गला तिच्यासाठी खास लाँच पॅड बांधलं, एसएलसी-६. १५६ कोटी डॉलर खर्च करून जून १९६९ मध्ये योजना बंद केली, कारण माणूस नसलेले हेर उपग्रह तेच काम कमी खर्चात करणार होते. या योजनेत बॉब क्रिपन नावाचा तरुण वैमानिक होता. त्याला नासाने घेतलं. बारा वर्षं वाट पाहून तो शटलच्या पहिल्या उड्डाणात गेला, १९८१ मध्ये. मग हवाई दलाने तेच एसएलसी-६ शटलसाठी बदलून घेतलं, ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेसाठी. तिथल्या पहिल्या मोहिमेचा, ६२-ए चा, कमांडर कोण? क्रिपन. ठरली होती जुलै १९८६ ला. चॅलेंजर फुटलं, आणि पुढे हवाई दलाने व्हँडेनबर्गहून शटल उडवायचा बेतच सोडून दिला. एकाच पॅडवरून एकाच माणसाच्या दोन मोहिमा हुकल्या, मध्ये सतरा वर्षं.

रानवारा

हरलो बुवा. पण मग गगनयानचं काय? १५ ऑगस्ट २०१८ च्या भाषणात २०२२ सांगितलं होतं. तारखा पुढे जाताहेत. काकांच्या हिशेबाने काय दिसतं?

जिग-फिक्स्चर

तारखांवरून काहीच कळत नाही. पुढे ढकलणं हे या धंद्यात रोजचं आहे, शटलचं पहिलं उड्डाण किती लांबलं होतं ते वर मुक्ताताईंच्या प्रतिसादात दिसतंच. मी ऑर्डरी बघतो.

पहिली मंजुरी होती ९,०२३ कोटी रुपयांची. तेवढ्यावरच राहिलं असतं तर मला धास्ती वाटली असती, कारण एक माणूस वर पाठवला, झेंडा फडकला, टपालाचं तिकीट निघालं आणि संपलं, असं व्हायला वेळ लागत नाही. अपोलोचं तेच झालं, फक्त मोठ्या आकारात. पण सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने त्यात ११,१७० कोटींची भर घालून आकडा २०,१९३ कोटींवर नेला आणि डिसेंबर २०२८ पर्यंत आठ उड्डाणं धरली. त्यात भारतीय अंतराळस्थानकाचा पहिला भागही आहे. म्हणजे पहिल्या माणसानंतरचंही काम कागदावर आलंय. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये अमेरिकन यानातून स्थानकावर जाऊन आले, तेही याच तयारीतलं.

कागदावर आलं म्हणजे शॉपमध्ये आलं असं नव्हे. गगनयानच्या रॉकेटच्या दोन बाजूंना जे एस-२०० बूस्टर असतात त्यांची पोलादी केसिंग आपल्याकडेच बनतात, पवईला आणि वालचंदनगरला. माणसांच्या उड्डाणासाठीचे भाग वेगळ्या तपासणीतून जातात, त्यांना वेळ लागतो. इथे कुणी त्या शॉपमध्ये कामाला असेल आणि सांगण्यासारखं असेल, तर एवढंच लिहा, की माणसांच्या पहिल्या उड्डाणानंतरच्या उड्डाणांचे सेट लोड झालेत, म्हणजे कामाला घेतलेत, की नाही.